मथळ्यात ‘चालू लागला’, पण इजा कोणत्या दर्जाची?

महोदय,

मेंदूतली गाठ आणि मज्जारज्जूची इजा या दोन्हींवरच्या संशोधनाच्या बातम्या आपण छापता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातून गळणाऱ्या तपशिलाबद्दल. ‘लुळा पडलेला रुग्ण चालू लागला’, ‘कॅन्सरची गाठ विरघळली’ एवढ्यावर बातमी संपते आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांना ती आपल्याला लागू आहे की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. प्रयोग कोणावर झाला, इजेला किंवा निदानाला किती काळ लोटला होता, तुलना कोणाशी केली आणि नेमके काय मोजले, एवढे तरी बातमीत असलेच पाहिजे.

मज्जारज्जूच्या इजेचा दर्जा ठरवायची जगभर मान्य अशी एक पद्धत आहे. रुग्णाला उताणे झोपवून शरीराच्या प्रत्येक बाजूला ठरलेल्या २८ जागी कापूस टेकवायचा, मग टाचणी. दर वेळी ०, १ किंवा २ गुण. नंतर प्रत्येक बाजूचे दहा स्नायू तपासून ० ते ५ गुण, दोन्ही बाजू मिळून १००. शेवटी गुदद्वाराची तपासणी: तिथे कापूस किंवा टाचणी कळते का, आत बोटाचा दाब जाणवतो का, रुग्णाला स्नायू आवळता येतो का. यातले काहीच नसेल तर इजा ‘पूर्ण’, म्हणजे दर्जा ए, सर्वांत गंभीर. संकोचापायी किंवा घाईत ही शेवटची पायरी गाळली, तर बाकीचे सगळे गुण असूनही दर्जा सांगता येत नाही.

ही तपासणी अपघातानंतर पहिल्या काही तासांत केली तर फसते. रुग्ण शुद्धीवर नसतो, व्हेंटिलेटरवर असतो, डोक्यालाही मार असतो, शिवाय धक्क्याने मज्जारज्जूचे काम तात्पुरते थंडावलेले असते. त्या वेळी ‘पूर्ण’ अशी नोंद झालेल्यांपैकी काही जण पुढे कोणताही नवा उपचार न करता वरच्या दर्जात जातात. आपोआप होणारी बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, नंतर ती मंदावते, पण वर्ष-दीड वर्ष थोडी थोडी चालू राहते. म्हणून पहिल्या आठवड्यात औषध दिले आणि सहाव्या महिन्यात पाय हलला, एवढ्यावरून औषधाला श्रेय देता येत नाही. शेजारी तसाच, पण औषध न घेतलेला गट लागतो.

तो गट असूनही गफलत होते, याचा धडा १९९० सालीच मिळाला आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किलोमागे ३० मिलिग्रॅम एकदम आणि पुढचे २३ तास दर तासाला किलोमागे ५.४ मिलिग्रॅम, असा तो प्रयोग होता. सगळ्या रुग्णांचा हिशेब एकत्र केला तर फायदा दिसत नव्हता. आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांना वेगळे काढल्यावर तो थोडासा दिसला. तेवढ्यावर वर्षानुवर्षे हे डोस दिले गेले. पुढे जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव यांचे पारडे जड ठरले आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूशल्यविशारदांच्या मार्गदर्शिकेने ते देऊ नये असेच सांगितले.

मज्जारज्जूला विजेची स्पंदने देण्याच्या, म्हणजे उत्तेजनाच्या, बातम्यांना फोटो हमखास चालतानाचा असतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकगटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात तीन जण होते, तिघांची इजा जुनी, पण मज्जारज्जूतून काही तंतू अजून शाबूत असलेली. पावलाच्या प्रत्येक टप्प्याला नेमक्या जागी स्पंदन देणे ही त्यातली खरी करामत, आणि सोबत महिनोन्‌महिने व्यायाम. ‘तुटलेला रज्जू जुळला’ असे त्यात काहीही नाही. उलट २०२४ मध्ये आलेल्या, मानेवरच्या त्वचेतून उत्तेजन देण्याच्या चाचणीत ६० जणांपैकी ७२ टक्क्यांच्या हातांत ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही वाढली. तिच्यात वेगळा तुलनागट नव्हता, पण आधी दोन महिने नुसता व्यायाम देऊन मग उत्तेजन जोडले होते, म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच होती. हाताचा फोटो तितका देखणा येत नाही, हे खरे. पण २००४ मध्ये ६८१ जणांना विचारले तेव्हा हातपाय चारही लुळे असलेल्यांनी हातांचा वापर परत मिळण्याला पहिला क्रमांक दिला होता, आणि लघवी-शौचावरचा ताबा त्यांना आणि फक्त पाय लुळे असलेल्यांना, दोघांनाही फार महत्त्वाचा वाटत होता. चालणे हे धडधाकट माणसाच्या नजरेतले यश आहे.

ज्यांच्यावर असे पुष्कळ प्रयोग आधी होतात, त्या उंदरांबद्दलही थोडे. उंदराच्या मज्जारज्जूत मेंदूकडून हालचालीचा हुकूम आणणारा मुख्य मार्ग पाठीकडच्या बाजूने जातो, माणसात तो कडेने जातो. अंतर तर फारच वेगळे. माणसात मानेतल्या इजेपासून मज्जारज्जूतल्या पायाच्या केंद्रांपर्यंत तीसेक सेंटिमीटर. हातापायांतल्या नसेचा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. तोच वेग इथे मिळाला, जो मिळत नाही, तरी वर्षाच्या आसपास जाईल.

आता गाठीकडे. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या अतिशय आक्रमक कॅन्सरवरच्या उपचाराचा आजचा पाया २००५ सालचा आहे: सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध, नंतर त्याचीच सहा आवर्तने. नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिने जगले, औषधासह १४.६. दोन वर्षे गाठणारे मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी हे डीएनए दुरुस्त करणारे जनुक मिथाइलेशन या रासायनिक बदलाने बंद पडलेले असते, त्यांना याचा लाभ जास्त होतो. म्हणून नव्या औषधाच्या गटात असे रुग्ण जास्त शिरले असतील तर औषध कुचकामी असूनही आकडा चांगला येतो. बातमीदाराने हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ.

एमआरआय दोन्ही बाजूंनी फसवते. रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत रक्तवाहिन्या पाझरतात, तपासणीसाठी शिरेतून दिलेले रंगद्रव्य बाहेर येते आणि गाठ वाढल्यासारखी दिसते; काही आठवड्यांनी आपोआप ओसरते. त्या काळात रुग्णाला नव्या प्रयोगात घेतले तर ‘गाठ विरघळली’ ही बातमी तयारच. बेव्हासिझुमॅब या औषधाची गोष्ट उलट: ते पाझर बंद करते, सूज उतरते, चित्र झटकन सुधारते, रुग्णाला बरेही वाटते. पण २०१४ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत सुरुवातीपासून ते दिलेले रुग्ण जास्त जगले नाहीत. तेव्हा चित्रातली गाठ आणि आयुष्य हे वेगळे मोजमाप आहे, हे बातमीत लिहावेच लागेल.

व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. आजार न वाढता गेलेला काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला, ही मोठीच गोष्ट. मात्र ती ग्लिओब्लास्टोमासाठी नाही. आयडीएच जनुकात बदल असलेल्या, दुसऱ्या श्रेणीच्या गाठींसाठी, शस्त्रक्रियेनंतर. अहवालात ‘आयडीएच निगेटिव्ह’ असले तरी रुग्ण ५५ वर्षांखालचा असेल तर तेवढ्यावर थांबू नये. गाठीच्या तुकड्याला रंग देऊन होणारा नेहमीचा तपास या जनुकातला एकच बदल पकडतो. बाकीच्यांसाठी जनुकक्रम तपासावा लागतो आणि त्यासाठी पॅथॉलॉजीत गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा मागता येतो.

हे दोन विषय एका पत्रात आणण्याचे कारण असे, की मज्जारज्जूत जी वाढ आपल्याला हवी असते तीच गाठीत नको असते. मूलपेशींच्या बाजारात हे विसरले जाते. २००९ मध्ये नोंदलेल्या, मूलपेशी घातलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात दात्याच्या पेशींपासून गाठी झाल्या होत्या. २०१४ मध्ये नोंदलेल्या एका तरुणीच्या मज्जारज्जूत, नाकाच्या अस्तरातल्या पेशी घातल्यानंतर आठ वर्षांनी, शेंबडासारखा द्रव पाझरणारा गोळा सापडला. एखाद्या वर्षाच्या पाठपुराव्यावर ‘उपचार सुरक्षित’ असे छापणे म्हणूनच घाईचे आहे. जिथे ‘चाचणी’ म्हणून रुग्णाकडूनच पैसे घेतले जातात, तुलनागट नाही आणि नोंदणी क्रमांकही सांगत नाहीत, तिथला मजकूर बातमी म्हणून घेऊ नये आणि जाहिरात विभागानेही तो परत पाठवावा.

आपले,
मेंदू व मज्जारज्जूच्या संशोधनात काम करणारे काही वाचक