मॅडम, गाठी कापून दाखवल्याबद्दल

आदरणीय कृषी सहायक मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं आम्हाला कृषी केंद्रात कळलं, तोवर तुम्ही नव्या जागी रुजूही झाल्या होत्या. गटातल्या बायांनी शाल-श्रीफळाचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. म्हणून हे उघड पत्र. मी सांगते आहे आणि मुलगी मोबाइलवर टाइप करते आहे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही बियाण्याला लावायच्या जिवाणू खताची पाकिटं आणायच्या, म्हणून उमरेडकडच्या आमच्या गावांत 'पाकिटवाल्या मॅडम' म्हटलं की कुणाला विचारावं लागत नाही.

आपल्या नागपुरात शेतीच्या शास्त्राची काही कमी नाही. अमरावती रोडवर माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, वर्धा रोडवर कापूस संशोधनाची आहे, महाराजबागेचं कृषी महाविद्यालय तर १९०६ पासूनचं. पण हे शास्त्र आमच्या धुऱ्यापर्यंत आलं ते तुमच्या गाडीच्या डिक्कीतून. तेही आधी बायांकडे आलं. सभा सकाळी चावडीवर घेतली असती तर माणसं आली असती, चहा पिऊन गेली असती. तुम्ही ती दुपारी निंदणाऱ्या बायांच्या सोयीनं घेतली. 'बियाण्याला हात कुणाचा लागतो?' एवढंच विचारलंत. घरात बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं, आम्हीच करतो, हे याआधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाकीट फोडल्यावर आतली काळी भुकटी पाहून माझे सासरे म्हणाले होते, "मातीत माती मिसळून काय होते बाप्पा?" तुम्ही हसला नाहीत. ती भुकटी नुसतं वाहन आहे आणि त्यात बसलेले जिवाणू जिवंत आहेत, हे समजावलंत. नियमाप्रमाणे एका ग्रॅममध्ये निदान पाच कोटी असायला पाहिजेत. जिवंत आहेत म्हणजे मरतातही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये पडलेल्या पाकिटात नुसती भुकटीच उरते. तेव्हापासून आम्ही किमतीच्या आधी तारीख वाचतो, आणि पाकीट घरात माठाजवळ ठेवतो.

सोयाबीनचं साल किती पातळ असतं हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. पण भुकटी चिकटवायचं गुळाचं पाणी जास्त झालं किंवा बी जोरात चोळलं की ते साल सुटतं आणि उगवण जाते, हे तुम्ही स्वतः ताडपत्रीवर बसून दाखवलंत. दहा किलो बियाण्याला पाव किलोचं एक पाकीट, हलका हात, सावलीत सुकवणं आणि त्याच दिवशी पेरणी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही, कारण दोघांचे जिवाणू वेगळे. दुकानात 'एकच आहे, घेऊन जा' म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांना आता आमच्या बाया दोन प्रश्न जास्त विचारतात.

पण खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्यासाठी. वावरातले काही तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, पाकीट न लावता तसेच सोडा, असा तुमचा हट्ट होता. आमच्या ह्यांना ते पटलं नव्हतं. चांगली गोष्ट आहे तर सगळीकडेच लावू ना! तुम्ही ऐकलं नाहीत. फुलोऱ्याच्या सुमारास आलात आणि झाडं उपटू दिली नाहीत. उपटली की मुळांवरच्या गाठी, ज्यांत हे जिवाणू राहतात, त्या मातीतच तुटून राहतात, म्हणून खुरप्यानं ढेकळासकट काढून बादलीत भिजत घालायला लावलीत.

जिथे आम्ही वर्षानुवर्षं सोयाबीन घेतो त्या वावरात न लावलेल्या तासांतही गाठी निघाल्या. दुसरं कुणी असतं तर गडबडलं असतं. तुम्ही उलट खुशीत दाखवलंत की जुने जिवाणू मातीत टिकून राहतात, पण त्यांच्या गाठी आजूबाजूच्या बारीक मुळ्यांवर विखुरलेल्या असतात. पाकीट लावलेल्या झाडाला त्या वरच, सोटमुळाला चिकटून, झुपक्यानं आलेल्या होत्या. तिथे फरक होता, पण डोळे दिपावेत असा नव्हता. मग नाल्याकाठच्या वावरात गेलो. तिथे आजवर पऱ्हाटीच, म्हणजे कापूसच, पेरली होती, सोयाबीन पहिल्यांदाच. तिथल्या न लावलेल्या तासांची पानं पिवळट आणि मुळं जवळजवळ कोरी. दोन हातांवरच्या, पाकीट लावलेल्या तासांत हिरवंगार. त्या दिवशी सासरे काही बोलले नाहीत, पण बादलीपाशी बराच वेळ उकिडवे बसून होते.

मग तुम्ही ब्लेडनं गाठ कापलीत. आतून गुलाबी-लाल. आपल्या रक्तात जे असतं त्याच्याच जातीचं द्रव्य गाठीतही असतं आणि ते जिवाणूला बेतानं प्राणवायू पुरवतं, कारण हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडणारं त्याचं यंत्र जास्त प्राणवायूनं बिघडतं. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र आणि झाडाला त्यातला कणही घेता येत नाही. कारखान्यात तोच नत्र बांधायला चारशे अंशांच्या वर ताप आणि प्रचंड दाब लागतो. इथे तेच काम गाठीत चाललेलं असतं, मजुरी म्हणून झाडाची साखर घेऊन. आतून लाल म्हणजे काम चालू; पांढरी किंवा हिरवट म्हणजे नाही. हे एक कळल्यावर युरियाचा हिशेबच बदलला. युरिया जास्त पडला की झाड गाठी कमी धरतं, म्हणून सोयाबीन हिरवं दिसावं यासाठी वरून मूठ फेकायची आमच्याकडची सवय आम्ही सोडली. पोत्याचे पैसे वाचले, हे तर आहेच.

तुम्ही कधी वाढवून सांगितलं नाहीत. सोयाबीन आपल्या गरजेचा साधारण अर्धा ते साठ टक्के नत्र हवेतून घेतं, बाकी जमिनीतून, आणि बराचसा दाण्याबरोबर बाजारात जातो. म्हणून सोयाबीन पेरलं की जमीन आपोआप सुधारते, हे गावातलं बोलणं तुम्ही खोडून काढलंत. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दलही तसंच. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत डीएपी खताचा स्फुरद चुन्याला चिकटून बसतो आणि हे जिवाणू आम्लं सोडून थोडा मोकळा करतात. 'थोडा' या शब्दावर तुमचा जोर होता. शेणखत नसेल तर त्यांना खायलाच काही नाही, आणि झडीत, म्हणजे सतत पाऊस लागला की, वावरात पाणी साचलं तर गाठीही गुदमरतात, म्हणून आधी सऱ्या काढा. एवढ्या अटी घालून कुणी वस्तू विकत नाही. तुम्ही विकायला आलाच नव्हता, म्हणून विश्वास बसला.

त्या हंगामात पाऊसही वेळेवर होता, तेव्हा सगळं श्रेय पाकिटाला देणार नाही. तुम्हालाही ते चाललं नसतं.

आता एक काम आहे. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाचं. भाऊ विचारतो की रोवणीच्या आधी रोपांची मुळं अ‍ॅझोस्पिरिलम या जिवाणूच्या पाण्यात बुडवायची तर किती वेळ, आणि एकराच्या रोपांना किती पाकिटं? सोयाबीनचं मी सांगू शकते, धानाचं अंदाजानं सांगायचं नाही. लिहायला वेळ नसेल तर मोबाइलवर आवाज भरून पाठवा, त्याची रोवणी जुलैत आहे.

आपली,
बचत गटातली एक कास्तकारीण
उमरेड तालुका, जि. नागपूर