समोर कोण होता तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी परळला राहतो, पंचविशीपर्यंत थोडंफार बॉक्सिंग केलंय, नाकाकडे बघून कळतं. आता भाचा खेळतो. त्याला राज्य पातळीवर मेडल मिळालं आणि महिन्याभरात एका प्रमोटरचा माणूस ताईकडे चहाला हजर, म्हणे प्रो हो, म्हणजे पैसे घेऊन लढणारा बॉक्सर, मेडल आहेच तुझ्याकडे, वर्षभरात ६-० (सहा फाइट, सहाही जिंकलेल्या) करून देतो. मी त्या 'करून देतो'वरच अडकलो. आणि तुमच्या स्पोर्ट्सच्या पानावरही हेच चालतं म्हणून हे पत्र. अमुक मेडलवाल्याचा सलग कितवा तरी विजय, फोटो, दोन ओळी, पण हरला कोण त्याचा पत्ताच नसतो.

मेडल काय सांगतं? तर अमॅच्युअरमध्ये, म्हणजे मेडलसाठीच्या बॉक्सिंगमध्ये, तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड हा पोरगा चांगला खेळतो. नऊ मिनिटं. प्रोमध्ये वर्ल्ड टायटलला बारा राऊंड असतात, आणि समोरचा तुमचे दोन जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) मुद्दाम खातो, एक लिव्हरवर द्यायला मिळावा म्हणून. परवा भाच्याला मी पॅडवर, म्हणजे हातात गाद्या धरून त्यावर ठोसे मारायला लावत, सहा राऊंड घेतलं. पहिले तीन बघत बसावे असे, पॉइंट मारून सटकन बाहेर. चौथ्याला त्याची कोपरं बरगड्यांपासून सुटायला लागली, तिथेच मी पॅडने हलकेच टॅप केलं तर भाऊसाहेब गुडघ्यावर!

मोठ्यामोठ्यांचं हेच झालंय हो. युक्रेनचा लोमाचेंको, अमॅच्युअरमध्ये ३९६ जिंकलेल्या आणि एक हरलेली, दोन ऑलिंपिक गोल्ड, आणि प्रोमधल्या दुसऱ्याच फाइटला २०१४ मध्ये सालिदोसारख्या मुरलेल्या गड्याकडून हरला, आता तो सालिदो वजनातही बसला नव्हता आणि पट्ट्याखाली मारत होता हा भाग वेगळा. पण तिसऱ्याच फाइटला लोमाचेंको वर्ल्ड चॅम्पियन! क्यूबाचा रोबेसी रामिरेझ, दोन गोल्डवाला, २०१९ मध्ये प्रोमधली पहिलीच फाइट हरला, पहिल्याच राऊंडला खाली बसला होता, आणि २०२३ मध्ये टायटल घेतलं. चीनचा झोउ शिमिंग तर दोन गोल्ड आणि एक ब्राँझवाला, टायटलही मिळवलं, पण २०१७ मध्ये शांघायला घरच्या पब्लिकसमोर जपानच्या किमुराने अकराव्या राऊंडला आडवा केला. अकराव्या! अमॅच्युअरमध्ये तोपर्यंत आंघोळ करून घरी.

आणि अमेरिकेचा हेन्री टिलमन किती जणांना आठवतो? १९८४ च्या ऑलिंपिक टीमसाठी त्याने टायसनला दोनदा हरवलं, गोल्ड आणलं. १९९० मध्ये प्रोमध्ये दोघं समोर आले तेव्हा टायसनने पहिल्याच राऊंडमध्ये विषय संपवला. मग कट्ट्यावर लगेच निकाल लागतो, अमॅच्युअरवाले प्रोमध्ये चालतच नाहीत म्हणून. तेही खोटं, युक्रेनचा उसिक बघा की, २०१२ चं ऑलिंपिक गोल्ड, क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या खालचा गट) सगळे बेल्ट, मग २०२४ मध्ये हेवीवेटचे सगळे.

आपल्या विजेंदरचंच घ्या. बीजिंगचं ब्राँझ २००८ चं, प्रो झाला २०१५ मध्ये, तिशीला टेकल्यावर. ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या डोममध्ये चीनच्या झुल्पिकारबरोबर त्याची फाइट होती, मी सर्वात स्वस्त तिकीट काढून वर बसलेलो. दहा राऊंड. शेजारचे काका पहिल्यापासून 'संपव रे त्याला' ओरडत होते, शेवटी शेवटी गप्प झाले. जिंकला, पण दोन जजांच्या कार्डावर ९५-९४, म्हणजे एकाच पॉइंटने. मला विचाराल तर आधीच्या सोप्या विजयांपेक्षा त्याच रात्री तो बॉक्सर म्हणून जास्त कळला, कारण समोर मार खाऊन परत येणारा माणूस होता.

म्हणून विनंती एवढीच, प्रो बॉक्सिंगची बातमी छापताना हरलेल्याचं नाव, त्याचं रेकॉर्ड आणि फाइट किती राऊंडची होती हे एका ओळीत टाका. जागा लागत नाही फार, फोटो थोडा कापा.

ताईला स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी हवीय, भाच्याला टीव्हीवर यायचंय, त्यांचं ते बघतील. मी त्या प्रमोटरच्या माणसाला फक्त विचारलं की त्या सहा जणांची नावं सांगता का. तो बिस्किट चहात बुडवून म्हणाला, 'मिळतात हो.' नावं पाठवतो म्हणून गेला, त्याला आता तीन आठवडे झाले.

आपला,
एक जुना वाचक, परळ