गरम पोळी कुणाची?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत मालिकांवर पानभर आलेला लेख वाचला. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे. लॅटिन अमेरिकेतल्या टेलिनोव्हेला (तिकडच्या रोजच्या मालिका) म्हणे कला, कारण त्या काही महिन्यांत गोष्ट संपवतात. आपल्या मालिका म्हणजे कारखाना, आणि तिथे लिहिणारा नुसत्या पाट्या टाकतो. अशा पाट्या मी अडीच वर्षं टाकल्या आहेत. रोजची मालिका, आठवड्याला सहा भाग, मानधन ९० दिवसांनी. म्हणून हे पत्र.

तिकडे काय कमी व्यापार होता? क्युबात या गोष्टी रेडिओवर चालायच्या तेव्हापासून पैसा साबणवाल्यांचाच. आपल्याकडे हे रोप आलं ते तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री वसंतराव साठे १९८२ मध्ये मेक्सिकोला जाऊन आल्यावर, आणि १९८४ च्या दूरदर्शनवरच्या 'हम लोग' मालिकेच्या मागेही दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स होत्याच. ती दीडशेच्या आसपास भागांत संपली, एवढं मान्य. ब्राझीलचे नाटककार दियास गोमेस यांचं नाव लेखात नुसतं येऊन जातं. त्यांचं नाटक १९६५ मध्ये लष्करी राजवटीने बंद पाडलं. पठ्ठ्याने तेच नाटक वेष पालटून मालिकेत घुसवलं: मेलेल्या वीराच्या नावावर अख्ख्या गावाचा धंदा चाललाय आणि वीर जिवंत परत येतो! १९७५ मध्ये पहिला भाग दाखवायच्या दिवशीच सेन्सॉरने अडवला. दहा वर्षांनी त्याच व्यापारी वाहिनीने ती मालिका नव्याने करून दाखवली आणि देशभर लोक टीव्हीसमोर बसले. ही कला की कारखाना, ते लेखकमहाशयांनी सांगावं.

मी काही गोमेस नाही. पण माझंही एक वाक्य आहे.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अकराला फोन आला, नायिकेला ताप आहे, बँक शून्य (म्हणजे हाताशी एकही तयार भाग नाही), सकाळी सातपर्यंत तिच्याशिवायचे दोन सीन पाठव. घोडबंदरच्या शूटिंगच्या बंगल्यात दुसऱ्या दिवशी फक्त सासू आणि मोलकरीण हजर असणार होत्या. मी दोघींना मटार सोलायला बसवलं. त्यात सासू म्हणते, "पन्नास वर्षं सगळ्यांना गरम पोळी वाढली. गरम पोळी कशी लागते ते मला विचारू नकोस." हे वाक्य माझ्या आईचं. आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, वडील जेवून उठल्यावर, ती एकदा सहज बोलून गेली होती. वाहिनीच्या बाई फोनवर म्हणाल्या, "यात ड्रामा कुठे आहे?" खरं तर त्या सीन फेकूनच देणार होत्या, पण बदली द्यायला दुसरं काही नव्हतं. तापाचे उपकार.

गुरुवारी टीआरपीचे आकडे आले. चढले नाहीत, पडलेही नाहीत. पण बायकांना ते वाक्य लागलं. रिक्षात, भाजीवाल्याकडे मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि पुढच्याच आठवड्यात सेटच्या ओट्यावर पिठाची पिशवी आली, लेबल कॅमेऱ्याकडे. सुनेने सासूला गरम पोळी करून वाढायची आणि सासूने पिठाचं कौतुक करायचं, असा ट्रॅक (उपकथानक) वरून आला. तोही मीच लिहिला. तेव्हा 'कारखाना' हा शब्द मला कुणी नव्याने शिकवू नये.

मात्र घाव दुसरीकडूनच बसला. महिन्याभराने आपल्याच पुरवणीत सासू झालेल्या अभिनेत्रींची मुलाखत आली. त्यात "तो संवाद मला ऐनवेळी सुचला" असं छापलं होतं. बाई गुणी आहेत, सीनचं त्यांनी सोनं केलं, त्यांच्यावर राग नाही. पण आपल्या प्रतिनिधीला एक फोन करून विचारता आलं नसतं का? माझं नाव पडद्यावर येत होतं, पण ते वाचायला गरुडाचे डोळे हवेत, शेवटची नावं ज्या वेगाने पळतात तो वेग मालिकेच्या कथेला मिळाला असता तर कालचा लेखच लिहावा लागला नसता. मी तेव्हा खुलाशाचं पत्र पाठवलं. ते छापलं गेलं नाही. आईला मुलाखत वाचून दाखवली, तर तिचा एकच प्रश्न: "त्या बाईंना पोळ्या तरी येतात का गं?"

आणि आता आठ वर्षांनी आपलाच लेख सांगतो की मालिकेत लिहिणाऱ्याचं स्वतःचं असं काही नसतं. बरोबर आहे. असलं तर तुम्ही दुसऱ्याच्या नावावर छापता.

जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्यात १४ उभा आणि ९ आडवा जुळत नाहीत. चौकोन तीन आणि उत्तर चार अक्षरी. सलग दुसऱ्या शनिवारी असं झालंय. आई ८१ वर्षांची आहे आणि कोडं पेनाने भरते. तिला खोडता येत नाही.

आपली,
एक माजी संवादलेखिका, डोंबिवली (पूर्व)