हवेच्या पंपाच्या खोक्यावर दाबाबरोबर वेळही छापा

संपादक महोदय,

बॅटरीवर चालणारे हवा भरायचे छोटे पंप आता तालुक्याच्या गावीही सहज मिळतात आणि पिकअपपासून दहाचाकी ट्रकपर्यंत अनेक गाड्यांच्या केबिनमध्ये ते दिसू लागले आहेत. माझ्या गाड्या नारायणगावहून माळशेज घाटामार्गे वाशीच्या बाजार समितीत शेतमाल नेतात. त्यामुळे हा पंप आमच्या रोजच्या वापरात आहे आणि तो उपयोगाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो कोणत्या गाडीला पुरतो आणि कोणत्या गाडीला पुरत नाही, हे विकणारा सांगत नाही आणि खोक्यावरही नीट छापलेले नसते.

टायरमधली हवा टायर थंड असतानाच मोजायची असते. गाडी घाट उतरून आली की टायर तापलेला असतो, आतल्या हवेचा दाब वाढलेला असतो आणि तो आकडा पाहून हवा सोडली, तर गार झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होऊन बसतो. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणे बंधनकारक आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत टायर तापू लागतो आणि पुष्कळदा यंत्र बंद किंवा नळी चिरलेली आढळते. बॅटरीच्या पंपामुळे हे काम माल भरण्याआधी, गाडी जागेवर उभी असतानाच उरकते. व्हॉल्व्हचे टोपण काढून नळी घट्ट आवळायची, हवा फुसफुसत नाही ना ते कान देऊन ऐकायचे, टायरला लागणाऱ्या दाबाचा आकडा पंपावर लावायचा. तो गाठला की पंप आपोआप थांबतो. पिकअपच्या मागच्या टायरला लोडवर गाडीनुसार 50 ते 65 पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) लागते. पाच-सात पीएसआयची तूट हा पंप काही मिनिटांत भरून काढतो.

ट्रकची गोष्ट वेगळी आहे. खोक्यावर ‘150 पीएसआय’ असे ठळक छापलेले असते आणि ट्रकच्या टायरला साधारण 100 ते 120 लागते, म्हणून घेणाऱ्याला वाटते की काम होणार. पण पंप किती दाबापर्यंत जातो आणि मिनिटाला किती हवा भरतो, या दोन निराळ्या बाबी आहेत. ट्रकच्या एका टायरची पोकळी शंभर लिटरहून मोठी असते. 120 लिटर धरली, तर 20 पीएसआय वाढवायला बाहेरची सुमारे 165 लिटर हवा आत ढकलावी लागते. दाब चढत जाईल तसा छोट्या पंपाचा वेग घटतो. तो मिनिटाला दहा लिटरवर आला, तर एकाच टायरला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ जाईल. त्यात यातले बरेच पंप सलग दहा-पंधरा मिनिटेच चालवायचे असतात, नंतर गार होऊ द्यावे लागतात. अशा दहा टायरांना एक बॅटरी पुरणार कशी? एअर ब्रेकच्या बऱ्याच ट्रकांत गाडीच्याच कॉम्प्रेसरवरून नळी जोडून टायर भरण्याची सोय असते. ती नळी गाडीत ठेवणे ट्रकवाल्याला अधिक लाभाचे आहे.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. समृद्धी महामार्गासारख्या 701 किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर तासन्‌तास धावला, की त्याच्या बाजूच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि आतल्या तारा तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. असा टायर रस्त्याकडेला पुन्हा फुगवला, तर तो भरतानाच फाटू शकतो. लॉक रिंगचे (टायर चाकावर धरून ठेवणाऱ्या सुट्या लोखंडी कड्याचे) चाक असेल आणि रिंग नीट बसलेली नसेल, तर ती उडून समोरच्या माणसाचा जीव जातो. हातातला पंप छोटा म्हणून धोका छोटा होत नाही, कारण स्फोट होतो तो टायरमध्ये साठलेल्या हवेचा. बसलेला, म्हणजे हवा गेलेला टायर उतरवून, तपासून, संरक्षक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरला पाहिजे. मागच्या जोडटायरांतला आतला टायर तर हात पोहोचत नाही म्हणून मोजलाच जात नाही. व्हॉल्व्हला जोडायची लांब नळी थोडक्या पैशांत मिळते, ती प्रत्येक गाडीत असायलाच हवी.

राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीमागे ओढून न्यायच्या कॅरॅव्हॅनला हा पंप खरोखर साजेसा आहे, कारण तिला स्वतःचे इंजिन नसते आणि ती महिनोन्‌महिने एका जागी उभी राहून टायरांतली हवा हळूहळू उतरते. मात्र पंपाची लिथियम बॅटरी उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवू नये, हेही घेणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे.

म्हणून ग्राहक व्यवहार विभागाला माझी विनंती आहे की, अशा प्रत्येक पंपाच्या खोक्यावर 30, 60 आणि 100 पीएसआयला मिनिटाला किती लिटर हवा जाते, पंप सलग किती मिनिटे चालवावा आणि मोटार, पिकअप व ट्रक यांच्या एकेका ठरावीक टायरला किती वेळ लागतो, हे मराठीत छापणे सक्तीचे करावे. बसलेला टायर या पंपाने भरू नये, ही सूचना तितक्याच ठळक अक्षरांत, ‘150 पीएसआय’च्या शेजारी असावी.

आपला विश्वासू,
एक मालवाहतूक व्यावसायिक,
नारायणगाव (जि. पुणे)