बोटवाल्या हार्टफर्डचा बँजो

संपादक महोदय,

हल्ली रोज रात्री जॉन हार्टफर्ड ऐकतोय. अमेरिकेतला हा अवलिया बँजो (तारांचं वाद्य) आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) दोन्ही वाजवायचा, डोक्यावर बोलर हॅट, वर नदीतल्या वाफेच्या बोटी चालवायचं लायसन्सही काढलेलं! १९७६ चा त्याचा 'मार्क ट्वँग' हा अल्बम ऐका, ढोलबिल काही नाही, प्लायवूडच्या फळीवर स्वतःच पाय आपटत नाचतो आणि तोच ठेका, मध्येच तोंडाने चित्रविचित्र आवाज काढतो, आधी वाटतं काय वेडेपणा चाललाय, मग आपलाही पाय हलायला लागतो. पुढे त्याने गावाकडच्या जुन्या फिडलवाल्यांच्या चाली शोधून त्याही रेकॉर्ड केल्या. २००१ मध्ये गेला बिचारा. बायको म्हणते हेडफोन लाव, पण फळीची ती धमक स्पीकरवरच येते हो.

— एक वाचक, ठाणे