बरणीवरची चिठ्ठी

आंजर्ले, रविवार

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, याची लाज वाटते. मी बरा आहे, गुडघा धरतो, आई ठीक.

तू बरोबर होतास. आपल्या बरणीतल्या त्या खेकड्याबद्दल: मी वेगळीच जात म्हणत होतो, तू म्हणत होतास नेहमीचाच, फक्त नांगी पुन्हा फुटलेली.

काल ओहोटीला तिवरांमागच्या चिखलावर तासभर बसलो. हललं नाही की ते बिळांतून वर येतात. अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठी पाठ, काळ्यावर पांढरे पट्टे, माद्यांच्या दोन्ही नांग्या बारीक आणि नरांची एकच भली मोठी, गुलाबी. आधी बाजूला फेकायची, मग वर, मग तोंडापुढे. सगळे अ‍ॅनुलिपेस, आपल्याकडची नेहमीची जात. त्यातल्याच एकाची नांगी लांब पण सडपातळ, आतून गुळगुळीत, दातच नाहीत. पोटात धस्स झालं. आपल्या बरणीतला! पण हा त्याच घोळक्यात, त्याच तालावर नांगी हलवत होता.

पकडला. डोळ्यांमधलं कपाळ इतरांसारखंच रुंद. भिंगाखाली जननांग पाहिलं, शेजारच्या नराचंही पाहिलं. काडीचा फरक नाही, म्हणजे जात एकच. नांगी तुटली की त्याच बाजूला नवी फुटते, कात टाकता टाकता लांबी भरून येते, पण पहिलं वजन नि दात येत नाहीत. हेच तू होडीत ओरडून सांगत होतास. आणि मी बरणीवर 'लॅक्टिया' लिहून मोकळा! स्पिरिटमध्ये रंग उडून तो दुधासारखा पांढरा पडला होता, मी त्या पांढऱ्यावर विश्वास ठेवला. अरे, कालचा तर जिवंत असून मुठीत मळकट झाला. लॅक्टिया चीन-जपानकडचा. जुन्या याद्यांत आपल्याकडच्याला त्याचीच उपजात म्हणत, एवढाच काय तो माझ्या बाजूचा पुरावा. 2016 साली तर या खेकड्यांचं ऊका हे जुनं घराणंच फोडलं, आता ऑस्ट्रुका अ‍ॅनुलिपेस म्हणायचं.

त्या दिवशी तू माझ्या डब्यातले तळलेले बोंबील न खाता उठून गेलास. बोंबलांवर पाणी सोडणारा बाळ्या! तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुला किती लागलंय. सरांसमोर मी तुला 'नुसता अंदाजपंचे' म्हणालो होतो. ते अठरा वर्षं मनात आहे, चुकलो.

नव्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. लेकीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

बरणी अजून माझ्या कपाटात आहे. काल रात्री चिठ्ठी बदलली: 'ऑस्ट्रुका अ‍ॅनुलिपेस, नर, पुन्हा फुटलेली नांगी.' खाली 'ओळख पटवली' पुढे तुझं नाव घातलंय. आतला खेकडा मात्र इतका ठिसूळ झालाय की जननांग बघायला बाहेर काढवत नाही. तुझ्या निळ्या वहीत तू त्याचं चित्र काढलं होतंस, पेन्सिलीनं, शेवटच्या पानाच्या आसपास. वही असेल तर त्या पानाचा फोटो पाठव. कालच्या चित्राशेजारी ठेवून पाहायचंय.

तुझाच,
आंजर्लेकर