ऑन-कॉलमधून नाव काढलं

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की आईचा आवाज बारीक होतो आणि मी विषय बदलते, म्हणून लिहिते आहे. ऑन-कॉलच्या, म्हणजे रात्री-अपरात्री कामाचा फोन उचलायच्या पाळीच्या यादीतून मी माझं नाव काढून घेतलं. मागच्या सोमवारी मेल केला, मॅनेजरनी मान्यही केलं. एक तारखेपासून टेस्टिंगच्या टीममध्ये. नोकरी सोडलेली नाही, बाबा. रात्रीचा भत्ता जाईल, प्रमोशनही यंदा नाही. पण आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची एफडी वेगळी आहे, तिला हात लावणार नाही. घराचा हप्ता पगारात बसतो, दोनदा हिशेब केला.

तुम्हाला वाटेल पोरगी कामाला घाबरली. तसं नाही. 2024 ची 19 जुलै आठवते? आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहीत होते, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. पुसायची होती एकच फाइल, पण प्रत्येक मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन. आमच्याकडे त्याआधी 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे मशीनचं कुलूप उघडायचा नंबर, टाकावी लागायची. मी एकेका शाखेला फोनवर आकडे वाचून दाखवत होते, सहा-सहाचे आठ गट. पाचव्या गटावर आईचा फोन आला, मी कट केला. परत आला, परत कट केला. बाबा न्हाणीघरात चक्कर येऊन पडलेत, हे मला दुसऱ्या दिवशी दादाकडून कळलं. आई, तू एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

त्यानंतरही मी तशीच राबत राहिले, ते जास्त लागतं. गेल्या महिन्यात रात्री अडीचला फोन वाजला आणि तो कामाचा आहे की घरचा, हे बघायचा मला धीर होईना. कामाचाच होता. पण त्याच रात्री ठरवलं.

बाबा, तुम्हीही बोर्डात असताना रात्री-अपरात्री गेलात. डीपी उडाला की आई पिशवीत टेस्टर-पक्कड घालून द्यायची, मी दारात बॅटरी धरायचे. 2005 च्या पुरात तर कृष्णामाई घाट सोडून गल्लीत आली, आणि तीन दिवस तुमचा पत्ता नव्हता. मग लाइट आली, पोरं ओरडली, आणि तुम्ही येऊन माझ्या डोक्यावरून थंडगार हात फिरवलात. ओल्या खाकी शर्टाचा तो वास अजून आठवतो.

माझ्या जेवणाची काळजी करू नका. डबा लावलाय, भाकरी गरम असते, मावशी आमटीत गूळही घालतात. आता सातला घरी येईन.

आणि आता ऐका. बीपीची गोळी रोज ठरल्या वेळी, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. न्हाणीघरातली रबरी मॅट माळ्यावर गुंडाळून ठेवलीये, ती आजच अंथरा. अंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही. आई, दळण तू उचलायचं नाहीस, दादाला सांग.

गौरीला पाच दिवस येते, लॅपटॉप न घेता. तेव्हाच डॉक्टरांकडून गुडघ्याची तारीख घेऊ. आई, नको म्हणू नकोस गं. आणि फोन करताना घड्याळ बघू नका. मी उचलेन.

तुमची,
चिमी